शेवटचा खडा

योकोते, १७ फेब्रुवारी

प्रिय चिहारु,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. आत तुझ्या हातच्या चार ओळी आणि तुमच्या श्रवणयंत्रांच्या दुकानाचं चोवीस पानी रंगीत माहितीपत्रक. पानोपानी माझ्या वयाच्या बाया, चंदेरी केस, पांढरेशुभ्र दात, कानामागे शेंगदाण्याएवढं यंत्र, आणि सगळ्या हसतायत. एवढं हसायला काय झालं ते कुठेच लिहिलेलं नाही. तुझ्या चार ओळींत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. एकतीस मार्चला आपल्या कॉफीच्या दुकानाचं, कावासेमीचं, शटर खाली, एक एप्रिलला मी सेंदाईला तुझ्या मागच्या खोलीत. पडदेसुद्धा लावून झाले म्हणे. निदान रंग तरी विचारायचास. तर ऐक, मी येत नाही. हे इथेच लिहून टाकते, म्हणजे तुला पत्राच्या शेवटापर्यंत जीव मुठीत धरून बसायला नको. आता चहा घे आणि सावकाश वाच, कारण माझी तुझ्यावर राग काढायची यादी मोठी आहे.

पहिला राग त्या फोनचा. डिसेंबरात बर्फ उपसणारी गाडी मागे घेताना पीं पीं करत होती आणि मला ते ऐकू आलं नाही, कबूल. जाकिटाची बाही फाटली, मी बर्फाच्या ढिगात बसले, ड्रायव्हर बिचारा माझ्यापेक्षा जास्त रडला. हे मी तुला सांगितलं ते तू माझी मुलगी म्हणून. तू काय केलंस? आमच्या रविवारच्या बैठकीतल्या निकाहो डॉक्टरांना फोन लावलास. दातांच्या डॉक्टरांना! 'आईच्या कानांची तपासणी झालीय, तीन हजार हर्ट्झच्या वरचं तिला काही ऐकू येत नाही, माझं ती ऐकणार नाही, तुम्ही मंडळी तिला समजावा.' चिहारु, माझ्या आजवरच्या आयुष्यात कोणी माझी अशी चहाडी केली नव्हती. इस्पितळातल्या त्या काचेच्या खोलीत मी एकटी बसले होते, आवाज आला की बटण दाबायचं होतं, आणि बराच वेळ मी बटण दाबलंच नाही. काचेपलीकडच्या मुलीचा चेहरा बघून मला कळलं की आवाज येऊन गेलेत. ते मी तुला सांगितलं होतं. गावाला नाही.

दुसरा राग असा की तुला माहीत होतं ते कुठे लागेल. तू अठराव्या वर्षी या घरातून गेलीस, पण तिसऱ्या रविवारच्या बैठकीची पद्धत विसरली नसशील. दुपारी दोन वाजता दारावर 'आज बंद'ची पाटी, आतून आम्ही आठ जण. पडद्यामागे ओयामादा सर, अजून तसेच, शाळेत पदार्थविज्ञान शिकवताना असायचे तशी पाठ ताठ. त्यांनी एकच तबकडी दोनदा वाजवायची, एकदा या सुईवर, एकदा त्या सुईवर, किंवा एकदा या पेटीतून, एकदा त्या पेटीतून, आणि कोणती आधी ते कोणाला सांगायचं नाही. मग तुझ्या आजोबांच्या गो खेळायच्या पटाचे काळे-पांढरे खडे. पहिली आवडली तर पांढरा, दुसरी आवडली तर काळा, कॉफीच्या रिकाम्या डब्यात, वर फडकं. सहा जणांचे सहा खडे झाले की सातवा खडा घरच्याचा. जे जिंकेल ते वर्षभर कावासेमीत वाजणार. आधी तो खडा तुझे बाबा टाकायचे. ते गेल्यापासून नऊ वर्षं मी टाकतेय. दुकान चालवायचं म्हणजे नुसती कॉफी गाळायची नसते. बाहेरगावाहून दोन-दोन गाड्या बदलून माणसं येतात, एका कपावर तीन तास गप्प बसून ऐकतात, ती या भरवशावर की इथे काय वाजवायचं ते ऐकून ठरवलेलं असतं. तो खडा माझ्या हातून गेला तर मी फक्त कॉफीवाली म्हातारी. मग दुकान बंद केलेलं बरं, आणि ते तुला पक्कं ठाऊक होतं.

तर जानेवारीची बैठक. डॉक्टरांनी त्या दिवशी दोन वस्तू आणल्या होत्या. एक नवं कार्ट्रिज, तुला सवयीने सुई म्हटलं तरी चालेल, त्याचा दांडा म्हणे अख्ख्या हिऱ्याचा, आणि किंमत विचारली तर डॉक्टर म्हणाले की बायकोला मी 'छोटी गाडी घ्यायचा विचार रद्द केला' एवढंच सांगितलंय. दुसरी वस्तू ट्रान्सफॉर्मर. आपली ती बाबांची पेटी आठवते ना, कपाटाखालची, विटेएवढी जड? सुईतून निघतो तो आवाज मुंगीच्या पावलाएवढा, ही पेटी त्याला उचलून माणसाच्या कानाजोगा करते. डॉक्टरांची पेटी तोक्योच्या एका कारागिराने हाताने गुंडाळलेली, वर्षभर वाट बघून मिळालेली, वर लाखेचा काळा रंग, समोर सुईच्या जातीप्रमाणे फिरवायचा खटका. आणि डॉक्टरांचं म्हणणं होतं की आपली जुनी पेटी आता निवृत्त करावी.

त्या पेटीचं तुला कधी सांगितलं नाही वाटतं. तू झालीस त्या वर्षी बाबांना पोस्टात बढती मिळाली, आणि आम्ही ठरवलं की बाबागाडी घ्यायची. छान निळी, मोठ्या चाकांची. ते आकिताला गेले आणि परत आले ते ही पेटी घेऊन. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तुला भाज्यांच्या टोपलीत झोपवलं, टोपली डावीकडच्या स्पीकरसमोर ठेवली आणि ती तीन माणसांची तबकडी लावली, पियानो, बास आणि ड्रम. तू बास सुरू झाला की झोपायचीस. बास थांबला की रडायचीस. वर्षभर मी दुसरं काही लावू शकले नाही. त्या तबकडीच्या वेष्टणाच्या कोपऱ्यावर तुझ्या पहिल्या दोन दातांच्या खुणा आहेत, गिऱ्हाइकांना मी त्या उंदराच्या आहेत म्हणून सांगते. बाबागाडी आपल्याकडे कधीच आली नाही. मी तुला पाठीला बांधून कॉफी केली आणि तू काही वाकडी वाढली नाहीस.

बैठक सुरू व्हायच्या आधी डॉक्टर उभे राहिले. हातात कप, नजर कपात. म्हणाले, 'ताई, तुमची दगदग होते, वय झालं आपलं सगळ्यांचंच, तर आजपासून शेवटचा खडा आळीपाळीने टाकावा असं आम्हाला वाटतं.' आम्हाला! मी एकेकाकडे बघितलं. सगळे धुरावलेल्या मुळ्याच्या बशीकडे असे बघत होते की जणू मुळा आता भाषण करणार आहे. पडद्यामागून ओयामादा सर खाकरले. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला की सेंदाईहून फोन झालाय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, खरं सांगते. आणि मग असा संताप आला की हातातली किटली खाली ठेवावी लागली. मी म्हटलं, 'डॉक्टर, माझ्या मुलीने तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. वरचे सूर मला येत नाहीत. आता माझंही ऐका. आज मी माझा खडा टाकणार. मी चुकले असं तुमच्यापैकी एकानेही दाखवून दिलं, तर माझी मुलगी म्हणते तसं मार्चअखेर हे शटर माझ्या हाताने खाली ओढीन आणि एक पिशवी घेऊन सेंदाईला जाईन. आणि चुकले नाही, तर यापुढे माझ्या कानांचा विषय माझ्या दुकानात काढायचा नाही.'  

आधी डॉक्टरांचं ते महागडं कार्ट्रिज त्यांच्याच पेटीतून सगळ्यांदेखत वाजवलं. छान होतं. उगाच वाईट म्हणणार नाही. मग खरी परीक्षा, पेट्यांची. त्यासाठी सुई आपली घरचीच, ती साठ वर्षांपूर्वी रेडिओ केंद्रांसाठी घडवलेल्या जातीची, जिला मी गेली चाळीस वर्षं बदलत बदलत तीच घेत आलेय. ओयामादा सरांनी पडदा ओढला. तबकडी तीच, तुझ्या दातांची. पहिल्यांदा वाजली. मग तारा बदलून दुसऱ्यांदा वाजली. आणि दुसऱ्यांदा वाजली तशी खोली बदलली गं. सगळे ताठ बसले. आवाज समोर आला, मोठा, भरधाव. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सूर्य उगवला. मलासुद्धा पहिल्या मिनिटाला वाटलं, चला, नोबुएबाई, सेंदाईची पिशवी भरायची वेळ आली.

पण मी काउंटरमागे चपला काढून उभी राहते, तुला माहीत आहे. लोकरी मोजे आणि खाली लाकडी जमीन. तपासणीनंतर मला एक कळलंय, वरचं गेलं तसं खालचं जास्त येऊ लागलंय, कानाने की पायाने ते देव जाणे. त्या तबकडीत दुसऱ्या बाजूला बासवाला एका ठिकाणी सगळ्यात जाड तारेवर उतरतो. तिथे डाव्या स्पीकरसमोरची फळी थरथरते. चाळीस वर्षं थरथरतेय. पहिल्या वेळी थरथरली. दुसऱ्या वेळी आवाज एवढा मोठा, आणि फळी मेल्यासारखी गप्प. मी खाली बघितलं, अंगठा दाबून बघितला. काही नाही. टोपलीतली तू असतीस तर भोकाड पसरलं असतंस.

सहा खडे पडले. मग मी गेले आणि सगळ्यांदेखत, फडक्याखाली न लपवता, पांढरा टाकला. डबा उलटा केला तर सहा काळे आणि माझा एक पांढरा. डॉक्टर फार हळू, फार प्रेमाने म्हणाले, 'ताई, जाऊ दे आता.' ते प्रेम मला चाबकासारखं लागलं. मी म्हटलं, 'सर, पडदा काढा. दुसरी पेटी डॉक्टरांची होती की नाही? तिचा खटका कितीवर आहे?' ओयामादा सरांनी चष्मा वर केला, वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.  मग म्हणाले, 'तीनवर.' आपली सुई चाळीस ओहमची, चिहारु. डॉक्टरांचं हिऱ्याचं कार्ट्रिज तीनचं, ते आधी वाजवताना खटका तीनवर केला होता, आणि आपल्या सुईची पाळी आली तेव्हा परत चाळीसवर करायला सर विसरले. चाळीसच्या सुईला तीनवर जोडलं की आवाज चढतो पण तळ खचतो. आणि आवाज चढला की माणसाला वाटतं, वा, काय जिवंत आहे! सहाच्या सहा जणांना वाटलं. सदतीस वर्षं मुलांना हे शिकवलेला माणूस पडद्यामागे बसला होता आणि त्यालाही वाटलं.

मग मी जे बोलले त्याने सर जास्त हादरले. मी म्हटलं, 'खटका चाळीसवर करा, आणि आता आवाजाच्या बटणाला हात लावा. दोन्ही पेट्या सारख्या मोठ्या वाजल्या पाहिजेत.' तुला माहीतच आहे, बाबांचा नियम होता की बटण एकदा लावलं की कोणी शिवायचं नाही, म्हणजे पक्षपात नको. त्या नियमाला ही मंडळी देवासारखं पाळतात. पण अगं, नियमाचीच तर चूक होती! दोन पेट्या सारखा आवाज उचलत नाहीत, म्हणजे बटण न हलवता जी मोठ्याने बोलेल ती जिंकणार. आम्ही इतकी वर्षं चांगली वस्तू निवडतोय असं समजून मोठी वस्तू निवडत आलो. सर म्हणाले, 'ताई, तो तोकुओंचा नियम आहे.' मी म्हटलं, 'तोकुओ माझा नवरा होता. नियम मी मोडते, जाब मी देईन.' सरांनी घाबरत बटण फिरवलं. डॉक्टर मात्र उठले, काउंटरपर्यंत आले आणि कमरेतून वाकले. म्हणाले, 'शटर वरच राहू दे ताई. विषय संपला.' तर शब्द असा फिटला. मी पैज जिंकले, सरळ जिंकले, आणि म्हणून मी सेंदाईला येत नाही. इथवर वाचून तू म्हणशील, आईचं नाक आता छताला लागलं. लागू दे. चार आठवडे तसंच फिरतेय मी.

पण पत्र इथे संपत नाही, आणि पुढचं लिहायला मला पाच दिवस लागलेत. परीक्षा परत घेतली ना आम्ही. आवाज सारखे, खटका जागेवर, पडदा ओढलेला. पहिली वाजली, फळी थरथरली. दुसरी वाजली, फळी तशीच थरथरली. मला दोन्ही अगदी सारख्या. आणि बाकीचे कुजबुजायला लागले. 'दुसरीत झांजा ऐका, हवेत तरंगतायत.' 'हो हो, पहिलीत जरा कोरड्या आहेत.' 'छे, पहिलीतल्याच खऱ्या.' डॉक्टर माझ्याकडे वळले, 'झांजा काय म्हणतात, ताई?' आणि मी मान हलवली. जाणकारासारखी, डोळे मिटून. खडे पडले, तीन पांढरे, तीन काळे. सातवा माझा. सगळे माझ्याकडे बघतायत, ज्या बाईचे कान ते तासापूर्वी काढून घ्यायला निघाले होते तिच्याकडे. पहिली कोणती ते मला कळलं होतं. पहिल्यांदा वाजताना आपल्या पेटीची ती बारीकशी गुणगुण सुरुवातीला आली होती, ती खालची असते, मला ऐकू येते. मी पांढरा टाकला. टाळ्या पडल्या. बाबांची पेटी कपाटाखाली राहिली. झांजांवरून ठरायची वस्तू मी झांजा न ऐकता निवडली, चिहारु. ड्रमवाला त्या दिवशी हजर होता की नाही तेही मला सांगता आलं नसतं.

आता तुला माहीत नसलेली एक गोष्ट. बाबांच्या शेवटच्या चार वर्षांत त्यांनाही वरचं येत नव्हतं. बैठकीत मी त्यांच्या शेजारी बसायची आणि टेबलाखाली त्यांच्या मनगटावर बोट टेकवायची, झांज वाजली की एकदा, लांबली की बोट तसंच ठेवायची. ते त्यावरून खडा टाकायचे. सगळे म्हणायचे, तोकुओंचे कान म्हणजे कान. आम्ही घरी येऊन हसायचो, आणि एकदा हसता हसता ते रडले. मी तेव्हा म्हटलं होतं, जाऊ दे हो, मी आहे ना. पण ती लबाडी होती. प्रेमाची असली तरी लबाडीच. त्या दिवशी खडा डब्यात पडला तेव्हा माझं मनगट मला असं रिकामं लागलं की मी कप धुवायच्या निमित्ताने आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मला त्यांची आठवण येते गं. रोज येते. पण मला त्यांच्यासारखं करायचं नाहीये. मला कोणाचं बोट नको.

म्हणून काल संध्याकाळी कामाकुराच्या जत्रेत, पोरं बर्फाच्या घरांतून तांदळाची गोड गरम आमाझाके प्यायला हाका मारत होती तिथे, मी निकाहो डॉक्टरांना गाठलं आणि सांगितलं की मी माझा खडा परत घेतेय, झांजा मला आल्याच नव्हत्या. ते म्हणाले, 'ताई, टाकलेला खडा परत घेत नाहीत.' मी म्हटलं, 'तो पटावरचा नियम. माझ्याकडे कॉफीचा डबा आहे.'  त्यावर ते इकडेतिकडे बघून म्हणाले, 'चाळीस वर्षं दातांचं ड्रिल कानाशी धरलंय, ताई. मला तरी कुठे येतात.' मी म्हटलं, 'मेल्या, मग हवेत तरंगतायत म्हणणारं कोण होतं?' तर म्हणे, 'सगळे म्हणत होते म्हणून.' आम्ही दोघं त्या बर्फात लहान पोरांसारखे हसलो. तर आता तुझ्या माहितीपत्रकाचं. ते मी मांजरीखाली घालणार होते, घातलं नाही. नववं, चौदावं आणि एकविसावं पान मुडपून ठेवलंय. फेब्रुवारीत कामाकुरामुळे बैठक नसते, तेव्हा मार्चचा तिसरा रविवार, दुपारी दोन, किताकामीला गाडी बदल, बूट चांगले घाल. त्या तीन पानांवरची यंत्रं आण. एक जोडी जास्तीची आण, कोणासाठी ते तू ओळखलंच असशील, पण दाखवू नकोस. हे तुझं काम आहे, कोणत्या कानाला काय जुळतं ते तुला कळतं, जसं कोणत्या सुईला कोणती पेटी ते बाबांना कळायचं, आणि तुझ्यासारखी दुसरी मला माहीत नाही. पण त्या बाया हसतायत म्हणून मी काही घालणार नाही. आपल्या दुकानात, आपल्या तबकडीवर, खडे टाकून ठरेल. एकही जिंकलं नाही तर तिन्ही परत ने. एखादं जिंकलं तरी मी सेंदाईला येणार नाही, ते पडदे पाहुण्यांना होतील. त्या दिवशी पेट्यांची परीक्षाही परत घ्यायची आहे, आणि त्यात बाबांची पेटी हरली तर मी स्वतः तिला कपाटाखालून काढीन, रडीन, आणि तुझ्या टोपलीशेजारी माळ्यावर ठेवीन. पडद्यामागे ओयामादा सर नकोत, तू बस. आवाज सारखे कर, खटका दोनदा तपास. शेवटचा खडा मी टाकीन, आणि या वेळी ऐकून टाकीन.

तुझीच, आणि अजून कावासेमीचीही,
आई